आमेन म्हणायचं राहिलं

घरी शिकवते तर पोरांना शिस्त कशी लावते, विचारता ना? ऐका.

आमच्या किहीमच्या घरी अभ्यास प्रार्थनेने सुरू होतो. मी आमेन म्हणेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, हा माझाच नियम. परवा ओटीवर बसलो. आठवडाभर मला धड झोप नव्हती. "हे प्रभू, आजचा दिवस..." एवढं म्हटलं, आणि माडांच्या सळसळीत मी कुठल्या कुठे वाहत गेले.

जाग आली तेव्हा ऊन मांडीवर चढलं होतं. रूथ आणि योना तसेच, हात जोडून, डोळे गच्च मिटून. आणि त्यांच्या शेजारी पलीकडच्या वाडीतल्या काकू! निवृत्त शिक्षिका, "शाळेत घाल गं पोरांना" म्हणून रोज माझं डोकं खाणाऱ्या. मांडीत शहाळं, डोळे मिटलेले.

मी घाईघाईने म्हटलं, "आमेन!"

पाच वर्षांच्या योनाने हळूच विचारलं, "आई, तू इतका वेळ गप्प होतीस, म्हणजे देव बोलत होता ना?"

काकू शहाळं माझ्या हातात देत उठल्या.

"हो रे. आणि त्याचं अजून संपलं नाहीये. आईला ऐकू दे. चला, गणित मी घेते."