धावतेय ना, मग आजारी कसली!

...नाही, पण मला एक सांगा, आजारी माणसानं धावायचं नाही असा कुठे नियम लिहून ठेवलाय का? कारण अठरा दिवस, मोजून अठरा दिवस मी एकच वाक्य ऐकलंय. "धावतेय ना? मग आजारी कसली!" सासूबाई तेच, आमचे हे तेच, शाळेतल्या बाई तेच, आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर, ज्यांनी भिंतीवर निदान पदवी तरी टांगलीय, तेही तेच!

तुम्हाला सांगते, मला दोन लेकी. थोरली नऊ वर्षांची, तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ही पोरगी पाणी प्यायलासुद्धा धावत जाते. धाकटी आठ महिन्यांची, ती अजून नुसतं 'बाळ'. तर भिंगरीला लागला खोकला. कोरडा! रिकाम्या डब्यावर कुणी टकटक करावं तसा. जेवताना टकटक, अभ्यासाला टकटक, आणि झोपेतही तेच. अंग जरासं कोमट, डोकं दुखतं म्हणायची. पण दोरीवरच्या उड्या चालूच! सासूबाई म्हणाल्या, "अगं, परीक्षा आलीय तिची. नाटक आहे ते!" वर्गातल्या बाईंनी वहीत लाल शाईनं लिहिलं, 'खोकून वर्गात व्यत्यय आणते.' आणते! जणू डब्यात भरून नेते!

मी नेलं तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. त्यांनी जीभ बघितली. जीभ! खोकला छातीत, आणि हे बघतायत जीभ! मी म्हटलं, "आधी तिची छाती ऐका!" तर म्हणाले, "ताई, पळतेय की ती तुमच्या आधी. पाच दिवस हे गुलाबी औषध द्या." दिलं. पाच दिवस गुलाबी मिशा घेऊन पोरगी टकटक करत हिंडली. परत गेले, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणते, "तुमचं म्हणणं लिहून घेतलंय हं." अहो, मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते! बारा वर्षं मीच लोकांना सांगतेय, 'तक्रार नोंदवली आहे.' त्याचा अर्थ काय होतो ते मला शिकवताय?

आणि मग सतराव्या दिवशी बाळ आजारी पडलं.

आता गंमत बघा. बाळाला ना तसला खोकला, ना फारसा ताप. नाक गळायला लागलं, दूध पाजलं की उलटी, आणि श्वास घेताना छातीतून बारीक शीळ... स्सूं... स्सूं... अठराव्या दिवशी सकाळी बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, दूध तोंडात धरेना. घाबरले हो मी. खरंच घाबरले. आमचे हे पायात दोन वेगळ्या चपला घालून रिक्षा आणायला पळाले. घर नुसतं बाळाभोवती गोळा! मी भिंगरीचा हात धरला. सासूबाई म्हणाल्या, "तिला कुठे नेतेस? तिची शाळा आहे!" मी म्हटलं, "तीही येणार." हे म्हणाले, "अगं, एका वेळी एक आजारी पुरे ना!" मी म्हटलं, एक नाहीच आहे, दोन आहेत, आणि रिक्षात जागा नसेल तर तुम्ही चालत या!

सासूबाई आमच्याबरोबर रिक्षात, आणि हे आले बिचारे चालत. त्या दोन चपलांत.

हॉस्पिटलात मुलांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर ही रांग. बाळ माझ्या खांद्यावर. भिंगरी म्हणाली, "आई, मी पुढे जाऊन नंबर लावते!" आणि गेली धावत. मी वर पोचते तो काय, पोरगी शेवटच्या पायरीवर कठडा धरून बसलेली. "आई, नंबर..." श्वास. "...लावायला..." श्वास. पुढचं वाक्य काही येईना. आणि माझ्याकडे बघून विचारते काय, "मी नाटक... नाही ना गं... करत?"

सांगा आता. नऊ वर्षांच्या पोरीला स्वतःच्याच खोकल्याचा संशय यायला लागला होता.

आत एक चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई. त्यांनी बाळाला घेतलं, वाफ दिली, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. भराभर, शांतपणे. मग म्हणाल्या, "बरं, आता..." मी म्हटलं, "आता हिची छाती ऐका!" मागून सासूबाई, "अहो, ती ठीक आहे, ती धावते..." मी वळून असं बघितलं त्यांच्याकडे, की लग्नानंतर पहिल्यांदाच त्या वाक्याच्या मध्ये थांबल्या!

बाईंनी ऐकलं. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, परत ऐकलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. छातीचा फोटो काढला. उजवीकडे खाली हा एवढा पांढरा ढग! बाळाचाही काढला, त्यात नुसत्या पुसट रेघा, आणि धावणारीच्या छातीत ढग!

"दोघींना एकच जंतू," दोघींच्या घशातल्या नमुन्यांचा रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या. "मायकोप्लाझ्मा. थोरलीकडून धाकटीला गेलाय. हा दोन-तीन आठवडे दबा धरून बसतो." मी म्हटलं, अहो, एकच कसा? एक टकटक करते, एक शीळ घालते! तर म्हणाल्या, "तान्ह्या बाळांत तो बऱ्याचदा असाच येतो. सर्दी, घरघर, उलट्या, ताप बेताचा, कधी जोडीला दुसरा विषाणूही. शाळेतल्या मुलांत ताप, हट्टी कोरडा खोकला आणि फोटोत असा डाग. आणि ती हिंडतात, खेळतात, म्हणून कुणाला खरं वाटत नाही." मी विचारलं, आणि ते गुलाबी औषध? "ते जंतूची भिंत फोडतं. ह्या जंतूला भिंतच नाही."

भिंतच नाही! पाच दिवस आम्ही नसलेली भिंत पाडत होतो!

दोघींना दाखल केलं. शेजारशेजारच्या खाटा. वेगळं औषध सुरू झालं. बाळ दोन दिवसांत नळी ओढून दूध मागायला लागलं. भिंगरीला पाच दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा सासूबाई तिच्या उशाशी बसून तिच्या केसांची वेणी घालत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चुकलंच माझं." मी त्यांच्या हातात वेणीची रिबीन दिली. बोलले असते तर रडले असते, आणि त्या वेळी रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. वर्गातल्या बाईंना मात्र त्याच वहीत उत्तर लिहिलं, निळ्या शाईत, दीड पान!

घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "संपलं ना एकदाचं? आता परत नाही ना होणार?" त्यांनी चष्मा पुसला. "खोकला अजून दोन-तीन आठवडे राहील. आणि हो, हा पुन्हाही होऊ शकतो."

घ्या! पुन्हाही! मी दोघींकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि म्हटलं, येऊ दे मेल्याला... निदान फोटो कुठल्या खोलीत काढतात ते तरी आता विचारावं लागणार नाही.