सासऱ्यांची गाडी आणि सत्तरचा थर्मोस्टॅट

...आणि वर सासरे मलाच विचारतात, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" अहो, सांगायला कशाला पाहिजे कुणी? इंजिन तापतंय ना? मग थंड पाहिजे की नको? तुम्हीच सांगा!

तर गाडी सासऱ्यांची. जुनी, पण दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. डोळ्यांमुळे त्यांचं चालवणं सुटलं, तेव्हा म्हणाले, दोघं जावई आळीपाळीने वापरा, जो नीट सांभाळेल त्याला देऊन टाकतो. झालं! जीव अडकला माझा त्या गाडीत. साडूंच्या पाळीत ती चढावर तापली. साडू शांत माणूस... बॉनेट उघडायचे, बघायचे, बंद करायचे. म्हटलं, इथेच बाजी मारायची. गेलो स्पेअर पार्टवाल्याकडे, इंजिनचं पाणी अडवणारा-सोडणारा थर्मोस्टॅट मागितला. तो म्हणतो, "थर्मोस्टॅट कितीचा देऊ? मूळचा अठ्ठ्याऐंशी डिग्रीला उघडतो, हा सत्तरलाच." सत्तरलाच! म्हणजे पाणी आधीपासूनच रेडिएटरकडे पळणार. आता थंड पाहिजे की नको? बसवला सत्तरचा. बायको म्हणाली, "बाबांना विचारलंत?" म्हटलं, विचारायचं काय, बक्षीस घ्यायला जायचंय.

रविवारी निघालो. सासरे पुढे, बायको आणि साडू मागे, बाहेर अशी थंडी की बोललं तरी तोंडातून वाफ. हीटर लावला तर गार वारा! इंजिनच तापेना, हीटर कुठून तापणार? मी आपला, "बाबा, तापमानाचा काटा बघा, कसा खाली झोपलाय." सासरे मफलरमधून म्हणाले, "काटा दिसतोय. माझे पाय जाणवत नाहीयेत मला."

आणि मग चढ आला. काटा उठला, मधे आला, पुढे गेला, आणि बॉनेटमधून ही वाफ! सासऱ्यांचा जन्म कारखान्याच्या बॉयलरवर गेलेला. उतरले, वाफेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जावईबापू, थर्मोस्टॅट म्हणजे दार. दार लवकर उघडलं म्हणून पलीकडची खोली मोठी होते का? रेडिएटर चोंदलाय आतून. उष्णता बाहेर टाकायची त्याने, दाराने नाही. सपाटीवर आम्हाला गारठवलंत, आणि चढावर व्हायचं तेच झालं."

"पण बाबा, इंजिन थंड पाहिजे की..."

"नको. हवं तितकं गरमच पाहिजे."

इंजिन जरा निवल्यावर त्यात पाणी भरून परत फिरलो, तर सासरे म्हणाले, आता हीटर फुल सोडा, तेवढीच उष्णता निघेल. जाताना कुडकुडलो, येताना घामाने भिजलो... एकाच गाडीत दोन ऋतू! मागे साडू शांतपणे स्वेटर काढतायत.

पुढे साडूंनी रेडिएटर साफ करून घेतला, मूळच्या मापाचा थर्मोस्टॅट बसवला, आणि त्याच चढावर काटा मधोमध. सासऱ्यांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मला वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात सासरे म्हणाले, "मला दोन्ही जावई सारखेच. तुम्हालाही गाडीतलं काहीतरी मिळायला हवं." आणि माझ्या हातात एक पुडी. उघडली... सत्तरचा थर्मोस्टॅट.

बायकोने शोकेसमध्ये ठेवलाय. येणारा-जाणारा विचारतो, हे काय आहे? ती सांगते, "ह्यांची गाडी."