फोनातली बेबाबाई

माझ्या नातीला मुलगी झाली, ते २०२४ साल. पणतीला बघायला निघालो होतो. बोदवड स्टेशनच्या बाकावर शेजारी एक भाऊ बसला होता. बहिणीला आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, माहेरी न्यायला आलेला. बहीण त्याच्या पलीकडे फोन घेऊन बसली होती.

"भाऊ, गेममधली आई आज चार वाजता मरणार म्हणे."

"काहून? दोन वर्षं तर फुकट जगली."

"आता म्हातारी माणसं जगवायला महिन्याला दोनशे मागतात. आधी जाहिरात बघितली की भागायचं."

"फुकटात लळा लावायचा, मग अडवायचं."

"आईनं स्वतः बनवली होती रे. हिरवं लुगडं, दारात केळी. नावही स्वतःचंच ठेवलं, बेबाबाई."

"मग भर ना दोनशे."

"पुढच्या महिन्यात तीनशे म्हणतील."

"कामिनी, उद्या आईची घागर भरायची शे ना?"

"म्हणून तर येतेय. घागरीवर ठेवायला डांगर, खरबूज घेतलंय सोबत."

"घागर गेलेल्या माणसाची भरतात. इकडं पैसे भरून तिला जिती ठेवशील, तर उद्या पाणी कोणाला देशील?"

"...फोन तू धर. मला नाही बघवत."

"आण."

"काय करतेय?"

"केळीला पाणी घालतेय."

त्यांची आई बेबाबाई पौषात वारली होती. फोनातली बेबाबाई आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता गेली.