खिरीच्या वाटीवर ठेवलेला हात

आमचे मूळ गाव रोहिणखेड. वडील भिक्षुकी करीत, त्यांनीच मला वेदपाठशाळेत धाडले, आणि आज सत्तरी ओलांडली तरी चिखलीच्या यजमानांकडे माझे तेच काम चालू आहे. काय सांगू तुम्हाला, पितृपक्षात रोज कुणाकडे तरी पान; खीर, वडे, पुरण; आणि श्राद्धाला बसलेल्या ब्राह्मणाने वाढणाऱ्याचा हात अडवू नये, कारण त्याच्या मुखाने पितर जेवतात, अशी आमची श्रद्धा. मी अंगाने काटकुळा, म्हणून निर्धास्त. शिवाय एकादशी कधी चुकविली नाही. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तुपातला बटाट्याचा कीस, आणि मी समजे की पोटाला विसावा दिला.

गेल्या वर्षी पोट दुखले म्हणून सोनोग्राफी केली. दुखणे पित्ताचे निघाले, पण डॉक्टरीणबाई पडद्यावरचा पांढरट भाग दाखवून म्हणाल्या, महाराज, स्वादुपिंडात चरबी साठली आहे. मला मोठे नवल वाटले. मेद पोटावर दिसतो हे ठाऊक होते. पण इतक्या आत, जठराच्या मागे, माझ्यासारख्याच्या देहात? मी विचारीत गेलो, त्या सांगत गेल्या. अन्न पचविणारा रस तिथलाच, साखर आवरणारे इन्सुलिनही तिथलेच. अशी चरबी असलेला प्रत्येक जण आजारी पडतो असे नाही, पण तुमची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा गोड-तळकट कमी करा, रोज चाला, ही चरबी उतरूही शकते. मी म्हणालो, पितरांना काय सांगू? त्या हसून म्हणाल्या, त्यायले माह्याकडं पाठवा.

यंदा चिखलीच्या कौसल्याबाईंकडे त्यांच्या पतीचे श्राद्ध होते. बाई खिरीचा डाव घेऊन आल्या आणि मी आयुष्यात प्रथमच वाटीवर हात ठेवला. त्यांचा चेहरा उतरला. भोजनानंतर त्यांच्या मुलाने विधीप्रमाणे विचारले, तृप्त झालात ना? आजवर हे उत्तर मी सवयीने देत आलो. त्या दिवशी क्षणभर थांबून स्वतःलाच विचारले, आणि मग म्हणालो, झालो. पण बाईंचे समाधान होईना.

"काऊन हो महाराज, हे उपाशी तं नाई ना गेले?"

मी त्यांना स्वादुपिंडाची सगळी हकीकत सांगितली. बाई हळू आवाजात म्हणाल्या,

"ह्यायलेबी डागदरनं गोड बंद सांगतलं होतं. मीच लपून देत होती."

मी इतकेच म्हणालो, बाई, ते तृप्त आहेत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांनी डोळे पुसले आणि जेवायला बसलेल्या मुलापुढची खिरीची वाटी उचलून अर्धी पातेल्यात ओतली. तो म्हणाला, आई, मले कुठं शुगर हाय? त्या म्हणाल्या, पहिले तपासून ये.

आता मी सकाळी संध्या आटोपून चालायला जातो. आतली चरबी किती उतरली, ठाऊक नाही. पुन्हा पडद्यावर पाहायची उत्सुकता मात्र फार आहे. परमेश्वर त्या मायलेकांना निरोगी ठेवो.