मिस्त्री येऊन राहिला

मिस्त्री येत नाही म्हणून काय रडताय? आमचा तर येऊन राहिला होता!

मी साताऱ्याकडची, लग्न होऊन दूरच्या मुलखातल्या गोरेगाव नावाच्या खेड्यात नवीनच आलेली. अजीज मिस्त्रीनं स्लॅब टाकायचा म्हणून स्वयंपाकघराचे पत्रे उतरवले आणि तिथल्याच जवळच्या पुसेगावला दुसऱ्याच कामावर निघून गेला. मी उघड्यावर पोळ्या लाटायची आणि कावळे त्या पळवायचे. शेवटी वैतागून मीच फोन लावला.

"बाई, फिकर करू नका, मी येऊन राहिलो," तो म्हणाला.

मला वाटलं, काम संपेपर्यंत मुक्कामालाच येतोय. मी ओसरीत खाट टाकली, गादीवर धुतलेली चादर घातली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

नवऱ्यानं विचारलं, "हे काहून?"

"मिस्त्री येऊन राहणारेत ना!"

तो पोट धरून हसला. "अगं, आमच्याकडं 'येऊन राहिलो' म्हंजे नुसतं 'येतोय'. अन् तेबी येईलच असं न्हाई!"

मी हट्टानं खाट काही काढली नाही.

मग एकदाचा मिस्त्री उगवला, तोही स्लॅबसाठी आणून टाकलेल्या आपल्या फळ्या परत न्यायला. खाट बघून म्हणाला, "कोण पाव्हणे येऊन राहिले?"

"तुम्हीच की!"

तो खाटेकडे बघतच राहिला. मग फळ्या खाली ठेवल्या आणि घरून कपडे मागवून घेतले. स्लॅब टाकून होईपर्यंत गडी हलला नाही.

पुढं त्याच्या पोरीचं लग्न ठरलं, तेव्हा त्याचा फोन आला. "बाई, येऊन राहिल्या ना?"

म्हटलं, "व्हय, येऊन राहिले. खाट टाकून ठेवा!"