दातात धरलेलं शिसं

मी वसईच्या बंदरावरची, कोळ्याची पोर. चौथीपर्यंत शाळा केली, मग आईने डोक्यावर मासळीची टोपली दिली आणि पापडीच्या बाजारापर्यंत चालायला लावलं. लग्न आमच्याच आळीतल्या इनासशी झालं. दिसायला काही नव्हता, पण मिस्साला बसला तरी शेजारच्याला हसवायचा, फादर वेदीवरून बघत राहायचे. काय सांगू तुम्हाला, त्या हसण्यावरच मी हो म्हटलं, दुसरं बघण्यासारखं नव्हतंच काही.

उतारवयात पाठ गेली तसं त्याचं होडीवर जाणं सुटलं, मग घरीच जाळी करायला लागला. जाळं पाण्यात बुडावं म्हणून खालच्या दोरीला शिशाचे तुकडे लावतात. इनास पडवीत शिसं वितळवायचा, तुकडे पाडायचा, ते तोंडात धरायचा, शिंपी टाचण्या धरतो तसे, आणि एकेक दातांनी दाबून दोरीवर बसवायचा. त्याचा बाप तसंच करायचा. मधेच चहा प्यायचा, त्याच हातांनी, त्याच तोंडाने. चहा मीच द्यायची.

मग माणूस बदलला. आधी चिडायला लागला, एकदा रेडिओ आपटून फोडला, नंतर गप्पच झाला. पोटात दुखायचं, झोप नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शेजारीण म्हणाली नजर लागली, मी म्हटलं या थोबाडाला कोण नजर लावणार. मी त्याला आळशी म्हणायची. एक दिवस तो म्हणाला, अगो, माझा जीव कशातच लागत नाय, मी नसलो तरी चालंल तुला. तेव्हा मी घाबरले.

घाबरले आणि चूक केली. बाजारात एक माणूस पुड्या विकायचा, झाडपाल्याच्या, मन शांत होतं म्हणे. पुडीवर नाव नाही, काही नाही. दोन महिने मी त्या मधातून चाटवल्या. शेवटी आमच्या मुलीने आम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण पोरगी, पण तिने आधी विचारलं, काम काय करता. इनास बोलेना, म्हणून मीच दातांनी दाबून दाखवलं. रक्त तपासलं तर शिसं निघालं. ती म्हणाली आजी, याने माणूस चिडतो, उदास होतो, आजोबा काही वाईट झाले नाहीत. आणि त्या पुड्या फेका, असल्यात कधी कधी शिसं नाहीतर पारा असतो.

शिसं बंद. रिकाम्या पोटी राहायचं नाही. नाचणी, दूध, शेवग्याचा पाला, आवळा खायचा. याने आतलं शिसं निघून जाणार नाही असं तिने स्पष्ट सांगितलं, पण अंगाला बळ येईल. आणि मनासाठी रोज चालायचं. इनास म्हणाला, उगाच कोन चालतं, मी काय कुत्रा हाय. मग मी कामं काढायला लागले. चालत सांडोरच्या वाडीत जा, शेवग्याचा पाला आण. दुसऱ्या दिवशी केळफूल. तिसऱ्या दिवशी परत पाला, कालचा कोवळा नव्हता.

महिन्याभराने सांडोरची वाडीवाली मला मिस्सानंतर भेटली. म्हणाली, मी त्याला म्हटलं रे इनास, दोन जुड्या एकदम ने, फेरा वाचेल. तर म्हणतो कसा, दोन नेल्या तर उद्या ती बिचारी काय कारण काढील.

मेल्याला सगळं कळत होतं.

आता तो जाळी फक्त विणतो, शिसं पुतण्या लावतो, बाहेर बसून, पक्कडीने. रक्तातलं शिसं बरंच उतरलं, हाडातलं हळूहळू जाईल म्हणते डॉक्टरीण. अजून एखादा दिवस भिंतीचा येतो. तेव्हा मी त्याच्या पाठीला पाठ लावून पडते. कारणं संपली म्हणून हल्ली मी पण सांडोरला जाते त्याच्याबरोबर. माझे गुडघे ओरडतात, तो पुढे जाऊन थांबतो, म्हणतो चल गो म्हातारे, कोनाला सांगितलंय चालायला, मला का तुला. देव त्याला असाच पुढे चालता ठेवो. मी येते मागून.