कोरिटाच्या अंत्यदर्शनाची रांग

फिलिपिनो सिनेनटी कोरिटा बेलार्मा गेली, तेव्हा क्वेझॉन सिटीतल्या चॅपलबाहेर अंत्यदर्शनाला ही मोठी रांग लागली होती. माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या कलिंगडाच्या बिया सोलत उभ्या होत्या.

“पुरिंग, तू किती सिनेमांत होतीस गं तिच्याबरोबर?”

“कोण मोजतंय? सगळ्यांत मोलकरीणच. ती जिन्यावरून पडायची, मी ‘बाईसाहेब!’ म्हणून किंचाळायची.”

“आणि ती आंधळी व्हायची.”

“नवऱ्याने टाकलं की आंधळी. त्याने परत घेतलं की लगेच दिसायला लागायचं. डॉक्टर उगाच पोसले होते.”

“थोबाडीत म्हणे खरीखुरी मारायची?”

“मग काय! दिग्दर्शक म्हणायचा, हात नुसता फिरवा. ही म्हणायची, पुरिंगला चालतं.”

“चालायचं तुला?”

“मला विचारलं कुणी?”

“मग कशाला तिष्ठतेयस इथे उन्हात?”

“नक्की मेलीय का, ते बघायला. शेवटच्या रिळात उठून बसायची खोड होती तिला.”

तेवढ्यात टीव्हीवाली पोरगी माईक घेऊन आली.

“आजी, तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत ना? कशा होत्या हो त्या?”

“कोरिटा ना? माझ्याशिवाय जेवायला बसायची नाही...”

 पुरिंग ढसाढसा रडायला लागली.

“सॉरी आजी, माईक बंदच होता. पुन्हा एकदा, अगदी तस्संच रडाल?”

“अगं रड की पुरिंग, टीव्हीवर येशील!”

“नाही जमायचं आता. मघाचं खरं होतं.”